हागारेच्या लेकी

उत्पत्तीच्या पुस्तकातील हागारेची कथा आपल्या घरांतून फारशी सांगितली जात नाही. अब्राहाम, सारा आणि इसहाक यांच्या मोठ्या कथेत ती कडेला उभी असलेली एक मिसरी दासी. मालकिणीच्या आज्ञेने ती आई झाली आणि मालकिणीच्याच आग्रहावरून, खांद्यावर पाण्याची मसक देऊन, लेकरासह तिला रानात घालवून देण्यात आले. मसकीतले पाणी संपले तेव्हा तिने मुलाला एका झुडपाखाली ठेवले आणि त्याचे मरण डोळ्यांनी पाहावे लागू नये म्हणून ती दूर जाऊन रडत बसली. आपल्याकडील प्रवचनांत हा प्रसंग आला तरी इसहाकाच्या आशीर्वादाची पार्श्वभूमी म्हणून येतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीय ख्रिस्ती समाजाने मात्र हागारेला आपल्या घरची मानले. गुलामीच्या काळापासून ते लोक स्वतःला 'हागार मावशीची लेकरे' म्हणवून घेत आले. ज्या बाईला स्वतःच्या मुलावर हक्क नाही, जिला घरातून केव्हाही बाहेर काढता येते आणि तरीही जिचे रडणे देवाने ऐकले, ती त्यांना परकी वाटली नाही.

त्या लेकरांच्या आयांनी एकमेकींना कसे सावरले, याचा थोडा इतिहास येथे मांडायचा आहे. अमेरिकेत आज 'ब्लॅक' आणि 'ब्राऊन' हे दोन शब्द जोडीने वापरले जातात. पहिल्याने आफ्रिकी वंशाचे लोक सूचित होतात. दुसऱ्याने मुख्यतः मेक्सिको व लॅटिन अमेरिकेतून आलेले, आणि कधीकधी आपल्यासारखे दक्षिण आशियाई लोकही. आपल्या ज्या कुटुंबांतील मुले तेथे स्थायिक झाली आहेत, त्यांची नातवंडे तेथील शाळेत या दुसऱ्या शब्दात मोजली जातात, एवढी गोष्ट लक्षात असली तरी पुरे. कथा मात्र त्यांची नाही. ती बाल्टिमोर, न्यू ऑर्लिन्स आणि लॉस एंजेलिस येथील बायकांची आहे, आणि तिच्यात ख्रिस्तसभेला अभिमान वाटावा असा भाग जेवढा आहे तेवढाच मान खाली घालावी असाही आहे.

प्रारंभ एका कायद्यापासून करावा लागतो. इ.स. १६६२ मध्ये व्हर्जिनिया वसाहतीने असे ठरवले की, मुलाची स्थिती आईच्या स्थितीवरून ठरेल. आई गुलाम असेल तर मूल गुलाम, मग बाप कोणीही असो. इंग्लंडच्या परंपरेत मूल बापाच्या नावाने ओळखले जाई. येथे मुद्दाम उलट केले गेले, कारण गोऱ्या मालकापासून दासीला झालेले मूल मालकाच्याच मालमत्तेत भर घालणार होते. या एका वाक्याच्या कायद्याने काळ्या स्त्रीचे मातृत्व हिशेबाच्या वहीत गेले. मूल विकले जाऊ शकते, आई विकली जाऊ शकते, आणि दोघांची गिऱ्हाइके वेगवेगळी असू शकतात. अशा स्थितीत जे मूल मागे राहील त्याला शेजारच्या झोपडीतील बाईने पोटाशी घ्यायचे, ही रीत वस्त्यांमध्ये पडली. समाजशास्त्रज्ञ पॅट्रिशिया हिल कॉलिन्स यांनी १९९० साली या रीतीवर लिहिताना जन्मदात्री आई आणि तिच्या बरोबरीने मूल वाढवणारी 'दुसरी आई' असे दोन शब्द जवळजवळ ठेवले. मराठीत आपण तिला मानलेली आई म्हणू. मोठी संस्था, देणगीदार, इमारत यांच्या कितीतरी आधी ही मानलेली आई होती.

आता बाल्टिमोरकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मेरीलँड हे गुलामगिरीचे राज्य होते, पण त्याच राज्यातील बाल्टिमोर बंदरात स्वतंत्र कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती होती. तिच्यात सां-दोमिंग, म्हणजे आजच्या हैतीतील उठावानंतर पळून आलेली फ्रेंच बोलणारी कॅथलिक कुटुंबेही होती. क्यूबातील सांतियागो येथून आलेली एलिझाबेथ लँग ही त्यांपैकीच. शिकलेली होती, हाताशी थोडा पैसा होता. काळ्या मुलांसाठी शहरात सरकारी शाळा नाही हे पाहून तिने आणि तिची मैत्रीण मारी बालास हिने आपल्या घरातच शाळा उघडली, फी नाही. बिशपांची परवानगी नव्हती, कारण ती कोणी मागितलीही नव्हती. दोन बायकांनी शेजारची मुले घरात बोलावली, इतकेच.

सुमारे दहा वर्षांनंतर फादर जेम्स जुबेर या सुल्पिशियन धर्मगुरूंना एक अडचण आली. सेमिनरीच्या तळघरातील प्रार्थनामंदिरात ते काळ्या मुलांना धर्मशिक्षण देत, पण मुलांना वाचताच येत नसल्याने शिकवलेले टिकत नसे. त्यांनी लँग आणि बालास यांना विचारले. त्यांच्या मनात धर्मभगिनी होण्याची इच्छा अगोदरपासून होती, पण काळ्या स्त्रीला घेणारा एकही धर्मसंघ देशात नव्हता. १८२८ साली शाळा सुरू झाली आणि २ जुलै १८२९ रोजी चार स्त्रियांनी व्रते घेतली. 'ऑब्लेट सिस्टर्स ऑफ प्रॉव्हिडन्स' हा कृष्णवर्णीय स्त्रियांचा अमेरिकेतील पहिला टिकून राहिलेला कॅथलिक धर्मसंघ असा जन्मला. एलिझाबेथ आता मदर मेरी लँग झाली. काळ्या बाईने धर्मभगिनीचा झगा घालावा हे शहरातील अनेक कॅथलिकांना विटंबनेसारखे वाटले. आर्चबिशप व्हिटफिल्ड मात्र पाठीशी राहिले, आणि १८३१ मध्ये पोप ग्रेगरी सोळावे यांनी संघाला मान्यता दिली.

या शाळेतील मुलींमध्ये एक वर्ग असा होता ज्यांच्यासाठी कोणीही फी भरत नसे: पोरक्या मुली, किंवा ज्यांच्या आया दुसऱ्यांच्या घरी राबत असल्याने मुलांना सांभाळू शकत नव्हत्या अशा. या मुलींना सिस्टर्स 'घरची मुले' म्हणत. शब्द साधा आहे, पण ज्या राज्यात शेजारच्याच रस्त्यावर मुलांचा लिलाव होऊ शकत होता तेथे तो उच्चारला जात होता.

पहिल्या चार भगिनींतील सर्वांत तरुण तेरेसा मॅक्सिस डुशेमिन हिची हकीकत येथे सांगितली पाहिजे. तिची आई बेट्सी ही हैतीहून आलेली निर्वासित, धंद्याने परिचारिका. मुलगी अगोदर संघात आली आणि मागून आईही सिस्टर अँथनी या नावाने आली. म्हणजे आईने मुलीच्या पाठोपाठ व्रत घेतले. १८३२ साली बाल्टिमोरमध्ये पटकीची साथ उसळली. शहराच्या अनाथालयात रुग्णांची सेवा करण्यास चार ऑब्लेट भगिनी गेल्या आणि सुखरूप परतल्या. सिस्टर अँथनी आर्चबिशपांच्या घरातील आजारी नोकराणीची सेवा करीत होत्या; त्यांना लागण झाली आणि त्या गेल्या. तेरेसा पुढे संघाची प्रमुख झाली, आणि नंतर १८४५ मध्ये मिशिगनला जाऊन दुसऱ्या एका धर्मसंघाच्या संस्थापिकांपैकी एक ठरली. तो संघ गोऱ्या भगिनींचा झाला, आणि आपली संस्थापिका कृष्णवर्णीय आईची लेक होती ही गोष्ट त्याने पुढे कित्येक दशके दडवून ठेवली. व्रतस्थांच्या इतिहासातही नाव खोडण्याची ही रीत आहे, याचे वाईट वाटते.

फादर जुबेर १८४३ मध्ये निवर्तले आणि संघाचे दिवस फिरले. नव्या आर्चबिशपांना काळ्या भगिनींच्या संघाची गरज वाटत नव्हती. कोणी आध्यात्मिक मार्गदर्शक नेमला गेला नाही. मुलींची संख्या घटली, फी आटली. भगिनींनी लोकांचे कपडे धुणे, इस्त्री करणे, शिवणकाम करणे सुरू केले आणि त्या पैशांवर 'घरच्या मुलां'ना जेवू घातले. ही चार वर्षे मला त्या संघाच्या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटतात. ज्यांना सभेने वाऱ्यावर सोडले त्यांनी सभेला सोडले नाही, आणि मुलांनाही नाही. १८४७ मध्ये रेडेम्प्टोरिस्ट संघाचे वरिष्ठ फादर जॉन न्यूमन, जे १९७७ साली संत घोषित झाले, त्यांनी फादर अनवांडर या तरुण धर्मगुरूंना या कामी लावले. अनवांडर यांनी आर्चबिशपांपुढे गुडघे टेकून परवानगी मागितली अशी आठवण संघात सांगितली जाते. त्यानंतर शाळा पुन्हा भरू लागली.

याच मेरीलँडमध्ये, याच वर्षांत, दुसरी एक गोष्ट घडत होती. येशूसंघाच्या मेरीलँड प्रांताची तेथे शेतमळ्यांची मालमत्ता होती आणि त्या मळ्यांवर गुलाम होते. जॉर्जटाऊन कॉलेज कर्जात बुडाल्यावर १८३८ मध्ये प्रांतप्रमुख फादर थॉमस मलेडी यांनी २७२ माणसे लुइझियानाच्या मळेवाल्यांना विकली. त्यांत तान्ही मुले होती. कुटुंबे तोडू नयेत अशी अट रोमहून घालण्यात आली होती. ती पाळली गेली नाही. पुढच्याच वर्षी, १८३९ मध्ये, ज्या पोप ग्रेगरींनी ऑब्लेट भगिनींना मान्यता दिली होती त्यांनीच गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारे पत्र काढले. एकाच राज्यात, एकाच वेदीपुढे गुडघे टेकणाऱ्यांपैकी काही जण मुले विकत होते आणि काही जणी धुणी धुऊन मुले जगवत होत्या. २०१७ साली जॉर्जटाऊन विद्यापीठाने आणि येशूसंघाने विकल्या गेलेल्यांच्या वंशजांची जाहीर क्षमा मागितली. १८३८ ते २०१७ हा काळ १७९ वर्षांचा होतो.

अमेरिकेतील या घडामोडींकडे महाराष्ट्रातून कोणाचे लक्ष नव्हते असे मात्र नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली तेव्हा ती युनायटेड स्टेट्समधील ज्या सदाचारी लोकांनी गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी कष्ट घेतले त्यांना अर्पण केली. पुण्यात मुलींची शाळा काढणाऱ्या आणि टाकलेल्या विधवांच्या बाळंतपणासाठी आपल्या घराचे दार उघडणाऱ्या दाम्पत्याला बाल्टिमोरच्या लँगबाईंचे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. कामाची जात मात्र एकच होती.

न्यू ऑर्लिन्सच्या आंरिएत देलील हिच्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिची कहाणी स्वतंत्र लेखाचा विषय आहे. ती स्वतंत्र, मिश्रवर्णीय घराण्यातील. तिच्या समाजातील मुलींना श्रीमंत गोऱ्या पुरुषांशी लग्नाविना जोडून देण्याची प्रथा होती. तिच्या आईचे, आजीचे आयुष्य तसेच गेले. आंरिएतने ती वाट नाकारली. १८४२ मध्ये ज्युलिएत गोदँ हिच्यासह तिने 'सिस्टर्स ऑफ द होली फॅमिली' या संघाचा पाया घातला. त्यांनी म्हाताऱ्या, टाकून दिलेल्या गुलाम स्त्रियांना आसरा दिला आणि ज्यांना वाचायला शिकवणे लुइझियानात १८३० पासून गुन्हा होता अशा गुलामांना तोंडी धर्मशिक्षण दिले. अलीकडे सापडलेल्या दफनाच्या नोंदींवरून काही अभ्यासक असे मानतात की, तारुण्याच्या उंबरठ्यावर तिला दोन मुलगे झाले आणि दोन्ही बालपणीच गेले. तसे असेल तर तिच्या पावित्र्याला बाध येण्याऐवजी तिची ओळख आपल्याला अधिक जवळून होते. २०१० साली तिला वंदनीय घोषित करण्यात आले.

गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली. त्यानंतरच्या अर्धशतकात काळ्या स्त्रियांच्या मंडळांनी गावोगाव बालवाड्या, पाळणाघरे, आया-सभा उभारल्या. १८९६ मध्ये त्यांचा राष्ट्रीय संघ झाला व मेरी चर्च टेरेल त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. अटलांटात ल्युजीनिया बर्न्स होप यांनी १९०८ पासून 'नेबरहूड युनियन' चालवली. त्यांनी शहराचे भाग पाडून घरोघर जाणाऱ्या बायका नेमल्या, म्हणजे कोणत्या घरात बाळंतीण आहे आणि कोणत्या घरात चूल पेटलेली नाही हे शेजारणीला कळावे. आपल्या धर्मग्रामांत विभागवार काम करणाऱ्या भगिनींना ही पद्धत ओळखीची वाटेल. या मंडळांतील स्त्रिया बहुधा शिकलेल्या, पांढरपेशा होत्या आणि गरीब आयांना त्या काहीशा वरून उपदेश करीत, ही टीका त्यांच्यावर झाली व ती अगदी निराधार नाही.

१९६३ साली मात्र उपदेशाची बाजूच उलटली. लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात निकर्सन गार्डन्स नावाची सरकारी चाळवजा वसाहत आहे. तेथे जॉनी टिलमन ही सहा मुलांची आई राहत असे. आर्कान्सामधील खंडकरी शेतमजुराची मुलगी. लहानपणी कापूस वेचलेला, मोठेपणी धुलाईच्या कारखान्यात सदऱ्यांना इस्त्री केलेली. त्या वर्षी ती आजारी पडली. घरात लक्ष द्यायला कोणी नसल्याने तिची एक मुलगी शाळा बुडवू लागली होती. शेजाऱ्यांनी समजावले तेव्हा नाइलाजाने तिने सरकारी साहाय्य घेण्यास अर्ज केला.

हे साहाय्य काय होते ते समजून घेतले पाहिजे. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने निराधार मुलांच्या आयांना मासिक मदत देण्याची तरतूद केली होती. मूळ कल्पना चांगली, पण अंमल राज्यांच्या हाती. दक्षिणेत कापूस वेचणीचा हंगाम आला की काळ्या आयांची मदत बंद करून त्यांना शेतात हाकलले जाई. अनेक राज्यांत असा नियम होता की, बाईच्या घरात पुरुष येतो असा संशय आला तरी मुलांची मदत थांबवावी. तपासनीस मध्यरात्री दार ठोठावत. पलंगाखाली, कपाटात पुरुषाचे जोडे शोधत. साधा हिशेब हा की, नव्याने दूरचित्रवाणी संच घेतला असेल तर तो कोणी दिला, शीतकपाटात मांस असेल तर ते कोठून आले, याची उत्तरे आईने मुलांदेखत द्यायची. अलाबामातील सेल्मा गावच्या श्रीमती सिल्व्हेस्टर स्मिथ या चार मुलांच्या आईने हा नियम न्यायालयात नेला आणि १९६८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. आईच्या वर्तनाची शिक्षा म्हणून मुलाला उपाशी ठेवता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय.

टिलमनबाईंनी वसाहतीतील आपल्यासारख्या आयांना एकत्र केले. संघटनेचे नाव ठेवले 'एएनसी मदर्स अनॉनिमस'. पहिली तीन अक्षरे गरजू मुलांच्या साहाय्ययोजनेची, आणि पुढे 'निनावी आया'. काम अगदी हाताजवळचे. एखादीची मदत अचानक बंद झाली तर चौघी जणी तिच्याबरोबर कचेरीत जायच्या. अर्ज वाचून दाखवायच्या. नियमांचे पुस्तक, जे कारकून टेबलाच्या खणात ठेवीत, ते मिळवून पाठ करायच्या. एकटी गेलेली बाई रडून परत येते आणि चौघी गेल्या की कारकून खुर्ची देतो, हा अनुभव आपल्या तालुक्याच्या ठिकाणीही येतो.

अशा संघटना देशभर निघत होत्या. १९६६–६७ मध्ये त्यांचा राष्ट्रीय कल्याणहक्क संघ झाला आणि टिलमन त्याच्या अध्यक्षा. ऐन भरात असताना वर्गणी भरणाऱ्या सभासदांची संख्या वीस हजारांवर गेली. सभासद बहुसंख्येने काळ्या आया, त्यांच्या जोडीला मेक्सिकन, पोर्तोरिकन, मूळ अमेरिकी आणि गरीब गोऱ्या आयाही. मागण्या पाहाव्यात: हिवाळ्यासाठी मुलांना कोट, शाळेसाठी कपडे, झोपण्यासाठी पलंग.

फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. मार्टिन ल्यूथर किंग गरिबांच्या मोर्चासाठी त्यांचा पाठिंबा मागायला शिकागोत आले. बायकांनी त्यांना आधी प्रश्न विचारले: मदतीवर मर्यादा घालणारा जो नवा कायदा झाला आहे त्याबद्दल आपले मत काय? डॉ. किंग यांना त्याची माहिती नव्हती. टिलमन यांनी सांगितले की, ठाऊक नसेल तर तसे सरळ म्हणावे. डॉ. किंग यांनी ते मान्य केले आणि आपण शिकायला आलो आहोत असे म्हटले. नोबेल पारितोषिक मिळालेल्या पुरुषाने इस्त्रीवालीपुढे असे म्हणावे, यात दोघांचीही थोरवी आहे. दोन महिन्यांनी त्यांची हत्या झाली. राष्ट्रीय संघ पैशाअभावी १९७५ मध्ये बंद पडला. टिलमन वॉट्सला परतल्या आणि १९९५ मध्ये वारल्या. त्यानंतरच्या वर्षी, १९९६ मध्ये, ती जुनी साहाय्ययोजनाच मोडीत काढण्यात आली.

टिलमन यांचे काम पाहून लॉस एंजेलिसच्या पूर्व भागात अॅलिशिया एस्कलांते या मेक्सिकन वंशाच्या आईने १९६७ मध्ये अशीच संघटना काढली. तिची पहिली झुंज स्पॅनिश भाषेतील अर्जांसाठी होती. जो कागद आईला वाचता येत नाही त्यावर तिची सही घेतली जात होती. त्याच सुमारास, जानेवारी १९६९ पासून, ओकलंड येथील संत ऑगस्टीन या एपिस्कोपल चर्चच्या सभागृहात ब्लॅक पँथर पक्षाने शाळेत जाणाऱ्या मुलांना सकाळची मोफत न्याहारी देण्यास आरंभ केला. बंदुका मिरवणाऱ्या पक्षाला चर्चने जागा द्यावी का, यावर तेव्हा वादळ उठले. अंडी आणि लापशी मात्र मुलांनी खाल्ली, आणि वाढणाऱ्यांत वस्तीतल्या आया होत्या.

आता पूर्व लॉस एंजेलिसच्या बॉइल हाइट्सकडे. हा भाग मेक्सिकन वंशाच्या श्रमिक कॅथलिकांचा. मोठाले महामार्ग त्याच्या अंगावरून गेले. प्रत्येक वेळी घरे पडली, लोक हलले. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या कचरा व्यवस्थापन मंडळासाठी एका सल्लागार कंपनीने अहवाल तयार केला. कचरा जाळण्याचे कारखाने कोठे उभारले तर विरोध कमी होईल, हा त्याचा विषय. कमी विरोध करणाऱ्या लोकांची लक्षणे त्यात नोंदवली होती: उत्पन्न कमी, शिक्षण शाळेपुरते, वय मध्यमाच्या पुढे, आणि कॅथलिक. होय, तो शब्द त्या यादीत होता. गरीब कॅथलिक माणूस मुकाट सोसतो, असे कोणा तज्ज्ञाने पाहणी करून ठरवले होते.

पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, राज्याने बॉइल हाइट्सच्या लगत तुरुंग बांधण्याचे ठरवले. आसपासच्या दोन मैलांत तीसहून अधिक शाळा होत्या. वस्तीला कोणी विचारले नव्हते. राज्य विधानसभेतील प्रतिनिधी ग्लोरिया मोलिना यांच्याकडून बातमी पोहोचली. रिसरेक्शन धर्मग्रामाचे फादर जॉन मोरेटा यांनी मिस्सेनंतर आयांना थांबवून घेतले. अर्जेंटिनात लष्करी राजवटीने नाहीशा केलेल्या मुलांच्या आया १९७७ पासून डोक्याला पांढरे रुमाल बांधून मे चौकात फेऱ्या घालत होत्या. त्यांच्यावरून फादरांनी नाव सुचवले: 'मदर्स ऑफ ईस्ट लॉस एंजेलिस'. बायकांनी पांढरे रुमालही घेतले.

या बायकांची तयारी कोठून झाली होती? समाजशास्त्रज्ञ मेरी पार्डो यांनी त्यांच्याशी बोलून जे लिहिले ते आपल्या कोणत्याही धर्मग्रामाला लागू पडावे. वर्षानुवर्षे त्या पॅरिश शाळेसाठी निधी जमवत होत्या: खाद्यपदार्थ विकणे, सोडती काढणे, जत्रेतले स्टॉल लावणे. समितीचे अध्यक्षपद पुरुषाकडे आणि काम बायकांकडे, हेही ओळखीचेच. शंभर घरांत कोणाचा मुलगा कोणत्या इयत्तेत आहे, कोणाकडे गाडी आहे, कोणाचा नवरा रात्रपाळीला असतो, हे त्यांना तोंडपाठ होते. राजकीय पक्षाला जे जाळे विणायला दहा वर्षे लागतील ते शाळेच्या फाटकाशी विणून तयार होते. १९८६ च्या उन्हाळ्यात दर सोमवारी संध्याकाळी ऑलिंपिक बुलेव्हार्डच्या पुलावरून त्यांचे मोर्चे निघू लागले. काही शेकड्यांपासून सुरू झालेली संख्या हजारांवर गेली. लेकरे बाबागाड्यांत, आज्या काठी टेकत. हुआना गुतिएरेस, लूसी रामोस, ऑरोरा कास्तियो ही नावे पुढे आली. कास्तियोबाईंचे वय सत्तरीच्या घरात होते. सगळे त्यांना आदराने 'ला डोन्या' म्हणत.

आई म्हणजे कोण, हाही प्रश्न त्यांच्यात निघाला. ज्यांना मूलबाळ नाही त्यांनी या मोर्चात यावे का? उत्तर असे आले की, दुसऱ्याच्या लेकरासाठी जी लढते तीही आईच. एवढेच नव्हे तर पुरुषांनाही त्यांनी आपल्यात धरले. चारशे मैल दूर असलेल्या राजधानीत, सॅक्रामेंटोला, त्या बसने जात व विधानसभेत साक्ष देत. तुरुंगाची लढाई सुरू असतानाच शेजारच्या व्हर्नन शहरात घातक कचरा जाळण्याच्या भट्टीचा प्रस्ताव आला. त्यांनी दोन्ही आघाड्या सांभाळल्या. भट्टीची योजना १९९१ मध्ये मागे घेण्यात आली आणि तुरुंगाचा कायदा १९९२ मध्ये रद्द झाला. १९९५ साली ऑरोरा कास्तियो यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला, तेव्हा त्या ८१ वर्षांच्या होत्या.

विजयानंतर संघटनेत फूट पडली. दोन धर्मग्रामांभोवती दोन गट झाले. अशा कथांमध्ये हा भाग गाळण्याची प्रथा आहे, पण मला तो लिहावासा वाटतो, कारण दोन्ही गटांनी काम सोडले नाही. कमी पाणी वापरणारे संडास घरोघर बसवण्याची योजना पाणी खात्याबरोबर राबवून त्यातून वस्तीतील तरुणांना रोजगार आणि विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देण्यात आल्या. मुलांच्या रक्तातील शिशाची तपासणी, लसीकरण ही कामे झाली. शिशाचा धोका खरा होता. व्हर्ननमध्ये जुन्या बॅटऱ्या वितळवण्याचा एक्साइड कंपनीचा कारखाना होता आणि त्याच्या धुरातील शिसे कित्येक वर्षे हजारो घरांच्या अंगणात, जेथे मुले मातीत खेळतात तेथे, साठत होते. त्याविरुद्धच्या सभाही रिसरेक्शन धर्मग्रामात भरल्या. फादर मोरेटा अजून तेथेच होते. २०१५ मध्ये तो कारखाना कायमचा बंद झाला. अंगणातील माती खरवडून काढण्याचे काम त्यानंतर अनेक वर्षे चालले.

काळ्या आयांची स्थिती आकड्यांत पाहायची तर एकच आकडा देतो. २०२१ साली अमेरिकेत दर एक लाख जिवंत जन्मांमागे गोऱ्या स्त्रियांचे मातामृत्यू २६.६ होते आणि कृष्णवर्णीय स्त्रियांचे ६९.९. जगातील अतिशय संपन्न देशातील हे प्रमाण आहे. त्यावर उपाय म्हणून अटलांटा, शिकागो, लॉस एंजेलिस अशा शहरांत बाळंतिणीच्या सोबत राहणाऱ्या, तिच्या वतीने डॉक्टरांशी बोलणाऱ्या शेजारणींचे गट पुन्हा उभे राहिले आहेत. त्यांना आता प्रशिक्षण मिळते, प्रमाणपत्रही मिळते. पूर्वीच्या कित्येक सुइणींना ते मिळत नव्हते.

बाल्टिमोरची शाळा अजून चालू आहे. गेली दीडशेहून अधिक वर्षे ती ईस्ट चेस स्ट्रीटवर आहे आणि तिच्या समोरच शहरातील तुरुंगांच्या दगडी भिंती उभ्या राहिल्या. मदर मेरी लँग यांचे ३ फेब्रुवारी १८८२ रोजी निधन झाले. त्यांच्या संतपदाच्या चौकशीस १९९१ मध्ये आरंभ झाला आणि जून २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना वंदनीय घोषित केले. सकाळी शाळेची मुले रस्त्याच्या एका बाजूने जातात, आणि तुरुंगातील कोणाला तरी भेटायला आलेल्या आया दुसऱ्या बाजूने.